रिकाम्या जारचे माप

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता मिलिमीटरने आठवा जार खांदा लावून रॅकमध्ये ढकलला. जार 'कुंई' असे ओरडत आत गेला आणि गप्प झाला. मिलिमीटर दोन पावले मागे सरकून, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या जागेत चार मजली रॅक उभा होता. प्रत्येक मजल्यावर वीस लिटर पाण्याने भरलेले दोन जार आडवे पडले होते. बुडे स्वयंपाकघराकडे, तोंडे मागे. पुढून बघणाऱ्याला फक्त आठ गोल निळी बुडे दिसत. ती एका रेषेत आहेत की नाहीत हे त्याने पट्टी लावून पाहिले. होती.

मिलिमीटर हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्या आणि डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो डिझाइनचे काम करायचा, आणि हे बारसे तिथल्या लोकांनी केले होते. त्याच्या खिशात एकवेळ रुमाल नसेल, पण स्टीलची सहा इंची पट्टी असायचीच. 'थोडंसं सरकव रे' असे कोणी म्हटले की त्याच्या कपाळाला आठी पडे. 'थोडंसं म्हणजे किती?' असे तो विचारी, आणि समोरचा माणूस कंटाळून स्वतःच सरकवून मोकळा होई. घरीही तेच. पलंगाच्या बरोबर मध्यावर त्याने पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली होती, आणि लग्नाला चौदा वर्षे झाली तरी बायको त्या खुणेच्या वाटेल त्या बाजूला झोपते, हे त्याचे एक जुने दुःख होते.

या रॅकवर मात्र त्याची नोकरी टांगलेली होती. गेल्या वर्षी त्याने एकावर एक रचता येणारे स्टूल काढले होते. जागा वाचते, हा त्यांचा मोठा गुण. ते एकावर एक इतके चपखल बसले की पुन्हा उठलेच नाहीत. दोन माणसे दोन टोकांना धरून ओढत, तिसरा मध्ये पाय लावी, तरी काही उपयोग होत नसे. शेवटी पाचशे स्टूल दहा-दहाचे खांब होऊन गोदामात उभे राहिले. मालक रोज सकाळी त्या खांबांमधून वाट काढत केबिनकडे जात आणि केबिनमध्ये पोचताच रक्तदाबाची गोळी घेत. त्यामुळे रॅकचे काम देताना त्यांनी मिलिमीटरला समोर बसवून स्वच्छ सांगितले होते.

"हे बघा मिलिमीटर, ही शेवटची संधी. स्टूल चिकटले ते चिकटले. आता जर रॅकचं काही चिकटलं, तर सोमवारपासून तुम्ही पॅकिंगमध्ये. खोक्यांवर लेबलं लावायची. चिकटवण्याचा अनुभव आहेच तुम्हाला."

गिऱ्हाईकही साधेसुधे नव्हते. अर्ध्या गावाला घरपोच जार पुरवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे पाणीवाल्या बाई म्हणत. ठेंगण्या, ठसठशीत आणि कुठलीही वस्तू आधी हलवून, मग उलटी करून, मग ठोकून बघणाऱ्या. त्यांनी कारखान्यातले प्रात्यक्षिक बघायला साफ नकार दिला.

"कारखान्यात सगळंच छान दिसतं हो," त्या म्हणाल्या होत्या. "मला खऱ्या घरात दाखवा. खरं स्वयंपाकघर, भरलेले जार."

"ह्यांचं घर खरं आहे," मालकांनी मिलिमीटरकडे बोट दाखवून सांगितले.

झाले. शनिवारी बाईंच्या गाडीने आठ भरलेले जार घरी आणून टाकले. बाई आणि मालक रविवारी अकराला येणार असे ठरले. स्वयंपाकघरात रॅकला बसेल अशी जागा एकच होती, फ्रिज आणि ओट्याच्या मधली. तिथे अडगळीच्या खोलीचे अरुंद दार होते, पण ते दार वर्षातून दोनदा उघडे. "ठेवा तिथं," बायको म्हणाली होती, "पण दुपारी जेवायच्या आत ते धूड हललं पाहिजे." आणि पाहुण्यांसाठी काहीतरी खायला आणते म्हणून ती बेकरीत गेली होती.

आता एक जार काढून पुन्हा आत ठेवायचा सराव करावा, म्हणून मिलिमीटरने वरच्या मजल्यावरच्या डाव्या जारचे बूड दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. जार हलला नाही. त्याने एक पाय ओट्याच्या भिंतीला लावला आणि पुन्हा ओढले. त्याची कंबर हलली, जार हलला नाही. त्याने उजवा जार ओढून पाहिला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. आठही जार एकमताने जागच्या जागी राहिले.

"असं कसं?" तो स्वतःशीच म्हणाला. कारखान्यात याच रॅकमध्ये त्याने तीनशे वेळा जार घातला होता आणि तीनशे वेळा काढला होता. एका बोटाने काढला होता. मालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याने पट्टी काढली आणि मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या मापाला त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तीनशे वेळा घातलेला तो जार रिकामा होता. डिझाइनसाठी मोजलेला जारही रिकामाच होता, कारण भरलेला जार टेबलावर उचलून कोण ठेवणार? पण भरलेला जार आडवा निजवला की पोटातल्या पाण्याने तो बाजूंना फुगतो. किती? तीन मिलिमीटर. आणि मिलिमीटरने मोठ्या अभिमानाने जारच्या भोवती मोकळी जागा सोडली होती दोन मिलिमीटर. आज सकाळी जार आत जाताना कुरकुरत होते, तेव्हा 'नवी वस्तू जरा कडक असतेच' अशी स्वतःची समजूत घालून त्याने त्यांना साबणाचे पाणी लावले होते. ते पाणी आता वाळले होते.

तो घाम पुसत असतानाच रॅकच्या मागे कडी वाजली, अडगळीच्या खोलीचे दार आतल्या बाजूला उघडले आणि रॅकच्या वरच्या कडेवर दोन डोळे, एक कपाळ आणि भरपूर राग उगवला.

"कुणीतरी कुणालातरी सांगा," कपाळ भिंतीकडे बघत म्हणाले, "आत माणूस आहे म्हणावं."

त्या सासूबाई होत्या.

सासूबाई आणि मिलिमीटर यांच्यात बोलणे बंद होऊन बारा दिवस झाले होते. कारण होते सासूबाईंची लाकडी हातांची खुर्ची. ती डुगडुगते असे मिलिमीटरच्या लक्षात आले आणि त्याने करवत काढली. एक पाय लांब वाटला म्हणून त्याने बाकीच्या तिघांशी जुळवून तो कापला. मग दुसरा लांब वाटू लागला. संध्याकाळपर्यंत चारही पाय चार-चार वेळा कापून झाले होते, खुर्ची चव्वेचाळीस मिलिमीटर बुटकी झाली होती आणि पहिल्यासारखीच डुगडुगत होती. सासूबाई तिच्यात बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे त्यांच्या हनुवटीच्या भेटीला आले. तेव्हापासून त्या जावयाशी थेट बोलत नसत. जे काही सांगायचे ते लेकीमार्फत, आणि लेक नसेल तर भिंतीमार्फत. पहिले तीन दिवस मिलिमीटरने मिनतवाऱ्या केल्या, पण स्वाभिमान त्यालाही होता. चौथ्या दिवसापासून तोही भिंतीशी बोलू लागला.

सकाळी मिलिमीटर रॅकचे मजले एकेक करून जिन्यावरून वर आणत होता, तेवढ्यात सासूबाई अडगळीच्या खोलीत शिरल्या होत्या. तिथे कुठेतरी त्या पायांचे कापलेले तुकडे असणार आणि ते डिंकाने परत चिकटवता येतील, असा त्यांचा बेत होता. जावयाला दिसू नये म्हणून त्यांनी दार आतून लावून घेतले. बाहेर रॅक उभा राहतो आहे, जार कुरकुरताहेत, हे सगळे त्यांनी ऐकले. पण आपण आत आहोत हे सांगायचे म्हणजे जावयाशी बोलणे आले. लेक येईपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले होते. आता मात्र तुकड्यांचा डबा सापडला होता आणि खोलीत उकडायला लागले होते.

मिलिमीटरने रॅक सरकवून पाहिला. एकशे साठ लिटर पाणी, आणि घसरू नये म्हणून त्याने मुद्दाम पायांना लावलेले रबर. डावीकडे फ्रिज, उजवीकडे ओटा, दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक बोट जागा. रॅक तसूभरही हलला नाही. रॅक बनवणारा माणूस किती पक्के काम करतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते. त्याने बायकोला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकून रॅकच्या डोक्यावर ठेवला.

"अगं, आई अडगळीच्या खोलीत अडकल्यात."

"कशा अडकल्यात?"

"रॅकमागे. जार निघत नाहीयेत."

"अग बाई! आई, तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे," सासूबाई फोनकडे झुकून म्हणाल्या. "त्यांना विचार, मला किती वेळ इथं ठेवायचा विचार आहे."

"अहो, आई विचारतेय की..."

"ऐकलं मी. त्यांना सांग, प्रयत्न चालू आहे."

"आई, ते म्हणतात..."

"ऐकू आलं. त्यांना सांग, खुर्चीच्या वेळीही प्रयत्नच चालू होता."

"अहो, ती म्हणतेय..."

"मला कान आहेत!"

बेकरीतून कोणाचा तरी आवाज आला, 'ताई, पुढं सरका.' मग बायकोचा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा खरा आवाज. "हे बघा, तुमच्या दोघांत किती अंतर आहे आत्ता?"

मिलिमीटरचा हात सवयीने पट्टीकडे गेला. "चारशे ऐंशी..."

"मोजू नका! हातभर अंतरावरून माझ्या फोनवर भांडताय, आणि मी इथं रांगेत उभी आहे. एकमेकांशी बोला, काय ते ठरवा. मी ठेवते." आणि तिने खरेच ठेवला.

घड्याळात पावणेदहा झाले होते. मिलिमीटरला डोळ्यांपुढे पॅकिंगची खोली, लेबलांची रिळे आणि मालकांचा चेहरा दिसू लागला. स्वाभिमान ठीक आहे, पण त्याला पगार मिळत नाही.

"आई," तो म्हणाला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. "जारची झाकणं तुमच्या बाजूला आहेत."

सासूबाईंनी खाली पाहिले. आठ झाकणे त्यांच्या पुढ्यात रांगेने लागली होती. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू एक वेगळेच तेज आले.

"आहेत खरी," त्या म्हणाल्या.

"आत एखादी बादली असेल. एकेक झाकण काढून पाणी सोडलंत तर अर्धा जार रिकामा होईल. मग तो आकसेल, आणि मी इकडून ओढून काढेन. अकराला माणसं यायचीयत, आई."

"काढते की. न काढायला काय झालं? पण आधी खुर्चीचं बोला."

"आत्ता?"

"मला कुठं घाई आहे? तुमच्याकडे माणसं यायचीयत."

मिलिमीटरने घड्याळाकडे पाहिले, जारांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "चव्वेचाळीस मिलिमीटरनी."

"कबूल करताना तरी मोजू नका हो."

"बरं. चुकलं. नुसतंच चुकलं."

"मी तेव्हा घसा फोडून सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता रागाचा राहिला नव्हता, दुखावल्याचा झाला होता. "जुनी खुर्ची आहे, रिकामी असली की डुगडुगते, मी बसले की गप्प राहते. तुमचे सासरे होते तेव्हापासून असंच आहे तिचं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

मिलिमीटरला आठवत होते. "मापाला माणूस लागत नाही," तो पुटपुटला, आणि बोलता बोलता त्याची नजर समोरच्या फुगलेल्या जारवर गेली. रिकामी खुर्ची. रिकामा जार. आयुष्यभर आपण सगळे रिकामेच मोजत आलो, असे त्याच्या मनात आले आणि त्याला मनापासून वाईट वाटले. सासूबाईंनाही ते दिसले असावे. त्या वाकल्या, बादलीचा आवाज आला आणि पहिल्या जारचे सील फाटले.

पुढचा पाऊण तास दोघांनी जे काम केले ते बघण्यासारखे होते. जारमधून पाणी भसकन येई, सासूबाई अंग चोरून बादली लावत, भरली की झाकण घट्ट बसवत आणि दोन्ही हातांनी बादली रॅकवरून पलीकडे देत. निम्मे पाणी त्यांच्या पदरावर आणि निम्मे मिलिमीटरच्या शर्टावर सांडे. उरलेले तो पातेल्यांत ओते. फुकट घालवायचे नाही असा सासूबाईंचा हुकूम होता. पातेली संपली, मग डबे भरले, मग कुकर, मग फुलदाणी. सव्वादहा वाजता पहिला जार आकसला आणि मिलिमीटरने ओढताच 'फुस्स' करून बाहेर आला. साडेदहाला दुसरा आला. वरचा मजला मोकळा झाला आणि खिडकीतून बघावे तसा सासूबाईंचा सबंध चेहरा दिसू लागला.

"दोन झाले," मिलिमीटर म्हणाला. "असे सहा राहिले. जमतंय, आई!"

आणि घंटा वाजली.

दार उघडले तेव्हा मिलिमीटरच्या एका हातात फुलदाणी होती आणि पँटमधून पाणी ठिबकत होते. दारात मालक होते, आणि त्यांच्या शेजारी पाणीवाल्या बाई.

"वीस मिनिटं लवकर आले," बाई म्हणाल्या. "माणसं तयारीत नसतात तेव्हाच बघायला आवडतं मला."

"या, या," मालक हसून म्हणाले. मग त्यांनी मिलिमीटरचा शर्ट पाहिला आणि त्यांचे हसू अर्ध्यावर थांबले.

बाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. ओटाभर पाण्याने भरलेली भांडी, फरशीवर तळे, रॅक, आणि रॅकच्या वरच्या मजल्यातून त्यांच्याकडे बघणाऱ्या एक ओल्याचिंब वृद्ध बाई. मालकांचा हात गोळीच्या डबीकडे गेला.

"नमस्कार," सासूबाई म्हणाल्या. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचे, हे त्या कुठल्याही परिस्थितीत विसरणाऱ्या नव्हत्या. "पाणी घेणार?" त्यांनी खाली वाकून एका जारचे झाकण किंचित सैल केले, पेला धरला, बेताने भरला, झाकण आवळले आणि पेला मोकळ्या मजल्यातून पुढे केला. तासाभराच्या सरावाने एक थेंबही सांडला नाही.

बाईंनी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. "तुम्ही तो जार उचलला नाहीत?"

"उचलायला तो जागचा हलला तर पाहिजे ना!"

मालकांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पेला ओट्यावर ठेवला, एका जारचे बूड धरले आणि ओढले. मग पाय लावून ओढले. मग ठोकून पाहिले. "हलत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्याचं असं आहे," मालक घाईघाईने म्हणाले, "हे आमचं एक खास..."

"नाही, साहेब," मिलिमीटर म्हणाला. मालकांनी त्याच्या पायावर पाय दिला, पण तो थांबला नाही. रिकाम्या मापांचा त्याला सकाळपासून वीट आला होता. "बाई, ही माझी चूक आहे. मी रिकामा जार मोजला. भरलेला जार तीन मिलिमीटर फुगतो आणि अडकून बसतो. रिकामा होत आला की आपोआप सुटतो. सोमवारी मी पॅकिंगमध्ये जाणार आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रॅककडे. मग सासूबाईंकडे.

"भरलेला असताना हलत नाही. रिकामा झाला की सुटतो," त्यांनी सावकाश म्हटले. "आणि पाणी काढायला उचलावा लागत नाही."

"हो," मिलिमीटर अपराधी आवाजात म्हणाला.

"अहो, माझी निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे एकटे राहणारे म्हातारे-कोतारे आहेत! जार उचलून मशीनवर पालथा घालायचा, तर कंबर मोडते त्यांची. गेल्या महिन्यात तिघांनी तेवढ्यासाठी पाणी बंद केलं. आडवा ठेवून नळ लावावा, तर नळ फिरवताना जार गडगडत जातो. आणि हा तुमचा जार पहारेकऱ्यासारखा जागेवर! माझी माणसं आत ढकलून जातील, संपला की ह्या एका हातानं काढून ठेवतील." त्या सासूबाईंकडे वळल्या. "तुम्हाला जड गेलं का हो?"

"पाणी काढणं काही जड नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण अर्धं पाणी आतच राहतं की. तोंड मधोमध, ते खालचं येणार कसं?"

बाईंचा चेहरा उतरला. मालकांचा चढायला लागलेला होता, तो पायरीवरच थांबला. मिलिमीटर मनात उतार मोजू लागला, पण हाताशी रॅकखाली घालण्यासारखे काहीच नव्हते. तेवढ्यात मोकळ्या मजल्यातून एक पत्र्याचा डबा पुढे आला. डब्यावर मिलिमीटरच्याच सुबक अक्षरात चिठ्ठी होती: 'सासूबाई. खुर्ची. पाय. नग १६.'

"हे घ्या," सासूबाई म्हणाल्या, आणि क्षणभर डबा त्यांच्या हातातून सुटेना. "घाला तिकडच्या पायांखाली. माझी खुर्ची नाहीतरी गेलीच आहे."

मालक आणि मिलिमीटर यांनी रॅकची स्वयंपाकघराकडची बाजू 'हुप्प' करून उचलली आणि बाईंनी गुडघ्यावर बसून एका पायाखाली आठ, दुसऱ्याखाली आठ चकत्या सरकवल्या. रॅक अडगळीच्या खोलीकडे झुकला. सासूबाईंनी एका जारचे झाकण काढून खाली बादली धरली; पाणी निम्म्यावर आले तरी धार थांबली नाही.

"उतार अजून थोडा वाढवा," बाई उठत म्हणाल्या.

"थोडा म्हणजे कि..." मिलिमीटरने सुरुवात केली आणि उरलेला प्रश्न स्वतःच गिळला. "वाढवतो, बाई."

"तोंडं पुढं घ्या, नळाला जागा ठेवा. दोनशे रॅक सुरुवातीला. पण एक अट आहे. जारभोवतीच्या मापात काडीचाही बदल करायचा नाही. चूक जशीच्या तशी पाहिजे."

"तेच म्हणत होतो मी मघाशी," मालक म्हणाले. "खास डिझाइन आहे आमचं. आणि प्रात्यक्षिकाला मुद्दाम घरातली अनुभवी व्यक्ती आत उभी केली होती."

मग एकच आनंदीआनंद झाला. हस्तांदोलने झाली, पाठी थोपटल्या गेल्या, मालकांनी मिलिमीटरला चक्क मिठी मारली आणि तेही भिजले. बाईंनी जाता जाता सासूबाईंकडे बघून कौतुकाने हात हलवला. सासूबाईंनीही हलवला. मिलिमीटर पाहुण्यांना पोचवायला खालपर्यंत गेला, परत आला, ओली पँट बदलली, खुर्चीत टेकला आणि छताकडे बघत हसत राहिला. सोमवारची लेबले टळली होती. ऑर्डर निघालेली ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच चूक होती.

साडेअकराला, बेकरीतली रांग एकदाची संपवून, बायको केकचे खोके घेऊन आली. तिने बाहेरच्या खोलीपर्यंत पसरलेली पातेली पाहिली, कुकर पाहिला, फुलदाणी पाहिली.

"काय झालं?"

"ऑर्डर मिळाली!"

"खरंच? आणि आई कुठाय?"

मिलिमीटरचा चेहरा पडला.

"मी आहे तिथंच आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "सावकाश होऊ द्या तुमचं. केक कसला आणलाय?"

उरलेले सहा जार रिकामे करून रॅक बाजूला व्हायला दीड वाजला. सासूबाई बाहेर आल्या, लेकीने त्यांना कोरडी शाल गुंडाळली आणि हातात केकची बशी दिली. मिलिमीटर मात्र केककडे फिरकला नाही. त्याने ती बुटकी खुर्ची आणून खोलीच्या मध्यभागी ठेवली, कागद-पेन्सिल घेतली आणि सासूबाईंच्या पुढे येऊन उभा राहिला.

"आई, बसा," तो म्हणाला. "तुम्ही बसल्याशिवाय आता मी एक माप घेणार नाही. नवे पाय लावून देतो, जुन्या उंचीचे."

सासूबाईंना भरून आले. त्या बसल्या. खुर्ची मुळीच डुगडुगली नाही. मिलिमीटर जमिनीवर पालथा पडून, जीभ बाहेर काढून, चारही पाय मोजत होता आणि त्या वरून त्याच्या विरळ होत चाललेल्या टाळूकडे मायेने बघत होत्या. शेवटी माणूस वाईट नाही, त्यांना वाटले. जरा मोजतो, एवढेच.

"काय काय लिहिलंत, वाचून दाखवा बघू," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"पुढचे पाय, मागचे पाय, बैठकीची उंची," मिलिमीटर उठून गुडघे झटकत वाचू लागला. "आणि हा नवा रकाना. आजपासून प्रत्येक डिझाइनमध्ये घालायचा असं ठरवलंय मी. भार. अंदाजे पंच्याऐंशी किलो."

बायकोच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

"अंदाजे?" सासूबाईंनी विचारले.

"तुमचा नक्की आकडा माहीत नव्हता ना," मिलिमीटर प्रसन्नपणे म्हणाला. "म्हणून जरा जास्तच धरलाय. सुरक्षेसाठी."

सासूबाई उठल्या. त्यांनी शाल सावरली, केकची बशी उचलली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केले.

"कुणीतरी कुणालातरी सांगा," त्या म्हणाल्या, "माझा चहा माझ्या खोलीत पाठवा म्हणावं."